झुपक्याने वाढणारे लहान निवडुंग

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील सौम्य हवेत अमेरिका खंडातून आलेले लहान निवडुंग कुंडीत चांगले वाढतात. लालबागेतील पुष्पप्रदर्शन पाहून एखादा हौशी मनुष्य अशी कुंडी घरी आणतो. पुढे एका गोळ्याभोवती पिल्लांचा झुपका जमतो, नावाची पट्टी हरवते, आणि हे झाड कोणते, असा प्रश्न उभा राहतो.

मराठीत 'निवडुंग' हा शब्द सैलपणे वापरला जातो. बांधावरचा त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातील आहे. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. कॅक्टसचे काटे लवदार उशीसारख्या बारीक ठिपक्यातून निघतात. ही उशी हीच त्याची खूण होय. चिकावर विसंबणे बरे नाही, कारण मॅमिलारिया या कॅक्टस प्रजातीतील काही जातींनाही दुधी चीक असतो.

झुपके करणाऱ्या निवडुंगांत मॅमिलारिया फार आढळतो. त्याच्या अंगावर सलग धारा नसतात. सर्पिल ओळींत मांडलेले उंचवटे असतात आणि प्रत्येकाच्या टोकावर काट्यांची उशी असते. फुले शेंड्याजवळ, उंचवट्यांच्या बेचक्यांतून, कड्यासारखी येतात. दिसायला जवळच्या रेब्यूशियाची फुले बहुधा बुंध्यालगत उमलतात.

आता काटे पाहावेत. उशीच्या कडेने पसरणारे काटे वेगळे व मधून पुढे येणारे वेगळे, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. मॅमिलारिया प्रोलिफेराचे कडेचे काटे केसांसारखे पांढरे असून मधले अनेक व पिवळसर असतात. त्याला लाल फळेही विपुल धरतात. मॅमिलारिया एलाँगाटाची खोडे बोटांसारखी लांबट असतात. बोकासानाच्या रेशमी पांढऱ्या केसांत गळासारखा वाकडा काटा दडलेला असतो. तो कातडीत रुतला की सहज सुटत नाही. ग्रॅसिलिसची पिल्ले धक्का लागताच गळतात. या कोवळ्या पिल्लांना केवळ पांढरे काटे असतात. मधला तपकिरी काटा प्रौढपणी येतो. त्यामुळे एकाच झाडाच्या पिल्लाला व प्रौढ गोळ्याला दोन निराळ्या जाती समजण्याची चूक सहज घडते.

आकारावरून तर अधिकच फसगत होते. सावलीत ठेवलेला, पाणी भरपूर मिळालेला गोल गोळा लांबट होतो व त्याचे काटे विरळ आणि दुबळे राहतात. म्हणून उन्हात वाढलेला प्रौढ भाग निवडून, एकाच नव्हे तर चारपाच उशांवरील काटे भिंगाखाली मोजावेत. तरीही शंका उरल्यास फुलाची वाट पाहावी.