ब्युरेट तिच्या हातात द्या

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला थोडा वेळ मागे उभं राहून बघा. बऱ्याचदा ब्युरेटची तोटी मुलगा फिरवतो आणि फ्लास्कमध्ये गुलाबी छटा आली की तोच सांगतो. मुलगी शेजारी रीडिंग लिहून घेते, कारण तिचं अक्षर चांगलं. वर्षभर हेच चाललं की ‘मला प्रयोग जमत नाहीत’ असं ती स्वतःच म्हणू लागते. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीसारख्या गावातल्या हुशार मुलींची विज्ञानाची वाट अशी नकळत सुटते.

अडचण गुणांची नव्हती

हे नवं नाही. 1933 साली कमला भागवत (पुढे सोहोनी) मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला, तो संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला, पण वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर. 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवलं. नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं.

स्त्रीवादी दृष्टी म्हणजे काय?

पुरुषांशी भांडण, अशी अनेक पालकांची समजूत असते. खरं तर ही दृष्टी विचारते: संशोधनाचे प्रश्न कोण ठरवतं, उपकरण कोणाच्या हातात असतं? आपल्याकडे धानाची रोवणी बायका करतात. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावणारीच्या कमरेला सोसेल असं अवजार बनवणं हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीवाटे पुढे वैनगंगेत, गोसेखुर्दच्या जलाशयात येतं, हा रसायनशास्त्राचा. पवनीच्या मुलीला हे प्रश्न पुस्तकाआधी घरातच कळलेले असतात. पुणे विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी शिकवण्याची हीच रीत धरली: विद्यार्थिनीचा अनुभव हाही ज्ञानाचा भाग. उद्याच्या प्राध्यापिकेने ती वर्गात न्यावी.

वाट अशी आहे

- बारावीनंतर ‘आयसर’ या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा द्या, किंवा जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करा.
- आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेत एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही परीक्षा असते.
- सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.एस्सी.ला 55 टक्के (राखीव प्रवर्गाला 5 टक्के सवलत) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. सेट पुणे विद्यापीठ घेतं.
- नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर पीएच.डी. करताना सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात.
- घरच्या जबाबदारीमुळे खंड पडला, तर केंद्र सरकारच्या ‘वाइज-किरण’ योजनेतून स्त्रियांना पुन्हा संशोधनात येता येतं.

पालकांनो,

वय, लग्न, लांबचं शहर, ही तुमची काळजी खरी आहे. वसतिगृह, फेलोशिप, नोकरीच्या जागा यांची चौकशी मुलीला सोबत घेऊन करा. कायम जागा निघायला वेळ लागतो, हेही तिला आधीच सांगा. पण निर्णय काळजीवर सोडू नका. आज ती प्रात्यक्षिक करून घरी आली की ‘किती गुण?’ याआधी विचारा, ‘प्रयोग कोणी केला?’ ‘मी फक्त लिहून घेतलं’ असं उत्तर आलं, तर उद्या तिला सरांकडे ब्युरेट मागायला सांगा.