एकोणसाठचा घोळ

राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही काही विद्यार्थी शनिवारी दुपारी सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास घेतो. माझ्याकडे मराठी माध्यमाची सहा मुले आहेत. त्यांतली सातवीची एक मुलगी गणितात कच्ची, असे मी दुसऱ्याच आठवड्यात ठरवून टाकले. मी तोंडी उदाहरण घाली, ती मन लावून सोडवी, आणि उत्तर बहुधा चुके. मी पुन्हा गुणाकार शिकवी. सातवीनंतर तिची शाळा बंद करावी असे घरी चालले होते. ‘हिचं डोकं चालत नाही’ या समजुतीला माझाही हातभार लागत होता.

एका शनिवारी उदाहरण घातले: एका वहीला एकोणसाठ रुपये, तर बारा वह्यांना किती? उत्तर आले ८२८. हवे होते ७०८. या वेळी मी वरची ओळ पाहिली. तिथे ६९ लिहिले होते! गुणाकारात तसूभरही चूक नव्हती.

विचारल्यावर म्हणाली, “साठ ऐकू आलं की दादा, म्हणून सहा. आणि एकोण म्हटलं की नऊ असतंयच.”

तिचे तर्कशास्त्र पक्के होते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. एकोणसाठमध्ये तर साठ उच्चारायचे आणि लिहायचे पाच. कारण एकोण म्हणजे एक उणा. कन्नड माध्यमाच्या मुलांना शिकवणाऱ्या माझ्या मित्राला ही अडचण येत नाही. कन्नडमध्ये ‘ऐवत्तोंबत्तु’, म्हणजे पन्नास आणि नऊ. जसे बोलावे तसे लिहावे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धती दिली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला. आमच्या घरीही त्यावर हसणे झाले होते. आता हसू येत नाही.

हल्ली मी आरंभी दहा संख्या सांगून लिहून घेतो, आणि उत्तर चुकले तर ‘कसं केलंस?’ एवढेच विचारतो. वेळ फार जातो. कधी दोनच उदाहरणे होतात. तिच्या वडिलांना मी तिची वही नेऊन दाखवली. निर्णय अजून व्हायचा आहे.

गेल्या शनिवारी तिने दहाही संख्या बरोबर लिहिल्या आणि मलाच विचारले, “एकोणनव्वद हाय, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का न्हाई?”