यदुराजाने काय विचारलं?

दत्तजयंतीला आपण पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. अशा वेळी घरातला तरुण मुलगा विचारतो, ‘देव मानला की सुख मिळतं, कशावरून?’ भक्तहो, त्याच्यावर रागावू नका. भागवताच्या ११व्या स्कंधात यदुराजाने अवधूताला देवाविषयी विचारलंच नव्हतं. जवळ काही नसताना तुम्ही एवढे आनंदी कसे, एवढंच विचारलं.

अवधूत ‘आधी श्रद्धा ठेव’ म्हणाले नाहीत. डोळ्यांनी जे पाहिलं, ते त्यांनी सांगितलं. २४ गुरूंपैकी एक विदेहनगरीची पिंगला वेश्या. पैसेवाल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत मध्यरात्रीपर्यंत ती आत-बाहेर करीत राहिली. शेवटी विटली. हृदयातल्या स्वामीला सोडून आपण भलत्याच्याच दारी सुख मागतो, हे तिला कळलं. आशा सुटली अन् ती शांत झोपली. तिची श्रद्धा ठेच लागून जागी झाली, कुणाच्या धाकाने नाही.

आपणही पारायणं करतो, पण आशा किती सुटली? यदुराजाने आधी अवधूतांचा आनंद पाहिला, मग प्रश्न केला. आपला मुलगाही आपल्याकडेच पाहतोय. त्याला तो आनंद दिसू दे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥