गोल्फ : क्लब खाली येताना हात कुठे असावेत?

या सत्रात आपल्या मैदानावर प्लास्टिकच्या चेंडूने गोल्फचा सराव सुरू आहे. क्रिकेटमध्ये चेंडू आपल्याकडे येतो. इथे तो जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. म्हणजे घाईचे काही कारणच नाही. तरी क्लब वर नेल्यावर खाली आणताना जवळजवळ प्रत्येक नवशिका घाई करतो.

होते असे की उजवा खांदा व हात आधी पुढे धावतात. (डावखुऱ्यांनी सर्व उलट समजावे.) क्लब शरीरापासून दूर फेकला जातो, चेंडूवर बाहेरून आत तिरपा येतो आणि चेंडू फिरकी घेऊन उजवीकडे वळतो. यास ‘स्लाइस’ म्हणतात. मुले मग आणखी जोर लावतात, चेंडू आणखी वळतो! पालकांना विनंती की मैदानाबाहेरून ‘जोरात मार’ असे ओरडू नये.

अमेरिकेचे नामवंत खेळाडू बेन होगन यांनी १९५७ च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात क्लब खाली आणण्याची सुरुवात कमरेपासून सांगितली आहे. वजन डाव्या पायावर येऊ द्या, कंबर डावीकडे वळू द्या. हात तिच्या मागोमाग खाली येतात व उजवे कोपर कुशीजवळ येते. डावा हात जमिनीला समांतर असताना तो आणि क्लब यांच्यात सुमारे काटकोन राहावा. मनगट आधीच सुटले, तर वेग चेंडूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्च होतो. टांगेवाल्याचा चाबूक आठवा : मूठ आधी हलते, टोक शेवटी आणि सर्वांत वेगाने.

सरावासाठी उजव्या काखेत हातरुमाल धरून अर्धाच स्विंग करावा. चेंडूला क्लब लागेपर्यंत रुमाल पडता कामा नये. दुसरा प्रकार : क्लब वरून कमरेपर्यंत तीनदा सावकाश आणून थांबावे, चौथ्यांदा मारावे. दहा वेळा चेंडूशिवाय, मगच चेंडू. क्लब फिरत असताना जवळपास कोणीही उभे राहू नये. याबाबत कसलीही सवलत नाही.

विश्वस्त मंडळाने मिळवून दिलेले क्लब मोठ्या माणसांच्या मापाचे आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांना ते लांब व जड पडतात. इतका लांब दांडा हाती असला की कोपर कुशीजवळ आणणे अवघड जाते आणि वर सांगितलेली चूक पक्की होते. तेव्हा पुढील सत्रापूर्वी त्यांतील चार-पाच क्लबांचे दांडे कापून त्यांवर नवी मूठ बसवून घ्यावी, अशी मंडळास विनंती आहे. तोवर या वर्गांनी रुमालाचा सराव साध्या हलक्या काठीने करावा.