घराची घडी कशी बसवावी?

प्रश्न : मी अमळनेरला राहते. नोकरी, मुलं, स्वयंपाक यांत घर सतत विस्कटलेलं. प्रसन्न कसं वाटेल?

उत्तर : ताई, सगळं घर एकाच रविवारी उपसू नका; दमाल आणि बुधवारी पुन्हा तोच पसारा. तुमच्याच गावात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयात ते मुलांच्या खोल्या आवरत आणि हातानं 'छात्रालय दैनिक'ही लिहीत. कामाशेजारीच आनंद ठेवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. तुम्ही रात्री फक्त ओटा पुसा, सकाळच्या चहाची भांडी काढून ठेवा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी, संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून मुलांशी गप्पा. कपड्यांच्या घड्या मुलांनाच घालू द्या, वाकड्या झाल्या तरी. मोठं कपाट पुढच्या महिन्यात काढा.