हाड हातात घे, पुस्तक मिट

अगं, काल फोन उचललास तेव्हाच आवाजावरून ओळखलं, अॅनाटॉमीची पार्ट कम्प्लिशन परीक्षा बिघडलीय. "ताई, चौरसियाच्या पुस्तकाचा पहिला खंड तीनदा वाचला गं, तरी व्हायवाला तोंडच उघडेना!" रडू नकोस. तुला कधी सांगितलं नाही, पण माझंही असंच झालं होतं. सरांनी ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, हातात दिलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूचं?" चित्र डोळ्यांसमोर लख्ख होतं, हाड मात्र मी उलटं धरलं होतं.

तू वाचतेस खूप, पण पुस्तक मिटून स्वतःला विचारत नाहीस. पिवळ्या पेनाने रंगवलेलं पान ओळखीचं दिसतं आणि आपल्याला वाटतं, आलं!

आता ब्रेकियल प्लेक्ससच घे, हाताच्या नर्व्ह्जचं ते जाळं. रोज जेवायला जाण्याआधी कोऱ्या कागदावर काढायचा: सी ५ ते टी १ ही पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, मग फांद्या. पहिल्या दिवशी अर्ध्यात अडकशील. जिथे अडकलीस तेवढंच पुस्तकात बघ, आणि कागद फाडून टाक. हात बसला की मग चार दिवसांनी काढ, मग पंधरा दिवसांनी. विसरायला लागलं की पुन्हा आठवायचं, त्यानेच ते पक्कं होतं.

बोन सेट पलंगाखाली ठेवू नकोस, उशाशी ठेव. डोळे मिटून ह्युमरस चाचप. वाटोळं डोकं आतल्या बाजूला, कोपराकडचा खोल खड्डा मागे. झाली बाजू पक्की! मग मागच्या अंगाने तिरक्या उतरणाऱ्या खाचेवरून बोट फिरव. ही रेडियल नर्व्हची वाट. हाड इथे मोडून नर्व्ह दुखावली तर मनगट लोंबतं. एकदा बोटाला ही वाट कळली की 'रिस्ट ड्रॉप' वेगळा पाठ करावा लागत नाही.

डिसेक्शनला जाण्याआधी, आदल्या रात्री दहाच मिनिटं उद्याचा भाग चाळून ठेव. फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात म्हणून मागच्या रांगेत उभी राहू नकोस; चिमटा मागून घे. धमनी दर वेळी पुस्तकातल्यासारखी फुटलेली नसेल. घाबरू नकोस, माणसं अशीच असतात. आणि टेबलावरच्या त्या देहाशी अदबीने वाग. आपला पहिला गुरू तोच.

रविवारी रात्री व्हिडिओ कॉल कर, हाड घेऊनच बस. मी विचारीन, तू मोठ्याने सांगायचंस. आईलाही बोलावते. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की तिच्या करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात झिणझिण्या का येतात, ते तिला साध्या मराठीत समजाव. अल्नर नर्व्हचं नाव न घेता तिला पटलं, तर परीक्षकाची भीती कसली?