वित्तसंस्थांची प्रगती कशी मोजावी? : मलेशियाच्या हज निधीचा धडा

दिव्य कुरआनातील ‘अल्-मुतफ्फिफीन’ या सूरहचा आरंभच माप-तोलात लबाडी करणाऱ्यांच्या धिक्काराने होतो. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना माप मारणारे, असे त्यांचे वर्णन तेथे आले आहे. या आयती ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे किराणा दुकानातील तराजू येतो. वस्तुतः आजच्या काळातील सर्वांत मोठी मापे बँकांच्या ताळेबंदात असतात, आणि लाखो कुटुंबांची आयुष्यभराची बचत त्या मापांवर विसंबून असते.

एखाद्या देशातील वित्तसंस्था वीस-तीस वर्षांत पुढे गेल्या की नाही, हे ठरवावयाचे कसे? मलेशियाचे उदाहरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

तेथील खेड्यांतील मुसलमान हजसाठी पैसा साठवीत, परंतु व्याजाच्या भीतीने बँकेकडे फिरकत नसत. पैसा घरात दडवून किंवा पुरून ठेवला जाई. वेळ आली की जमीन व गुरे विकून ते मक्केला जात. अनेकांना परतल्यावर नव्याने आयुष्य उभारावे लागे. अर्थतज्ज्ञ उंकू अब्दुल अझीझ यांनी १९५९ साली यावर उपाय सुचविला : व्याज न घेता बचत करता येईल आणि ती बचत हलाल उद्योगांत गुंतविता येईल, अशी एक संस्था असावी. १९६३ च्या सप्टेंबरात ती प्रत्यक्षात आली. प्रारंभी ठेवीदार होते १,२८१. पुढे १९६९ मध्ये हजयात्रेची व्यवस्था पाहणारे कार्यालयही तिच्यात विलीन झाले. हाच आजचा ‘ताबुंग हाजी’. त्याचे ठेवीदार आता ९० लाखांहून अधिक आहेत.

१,२८१ वरून ९० लाख. एवढ्यावरच थांबलो, तर प्रगतीबद्दल शंका घेण्यास जागाच उरत नाही.

योगायोग असा की, १९६९ सालीच रेमंड गोल्डस्मिथ या अर्थशास्त्रज्ञाचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने ३५ देशांची १८६० ते १९६३ या काळातील आकडेवारी जमवून वित्तसंस्थांची मालमत्ता राष्ट्रीय उत्पन्नाच्या तुलनेत किती, हे मोजले. तेव्हापासून हे गुणोत्तर ‘खोली’चे माप म्हणून वापरात आहे. मात्र वित्त वाढले म्हणून देश वाढला, की देश वाढला म्हणून वित्त वाढले, हे आपल्या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, असे त्याने स्वतःच मान्य केले होते. विद्वानाचा हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे.

कालांतराने केवळ खोली पुरेशी नाही, हे जाणकारांच्या ध्यानी आले. जागतिक बँक आता खोलीबरोबरच पोहोच, कार्यक्षमता आणि स्थैर्य अशी आणखी तीन अंगे तपासते. पोहोच म्हणजे सामान्य माणसापर्यंत संस्था गेली का. येथेही सावधगिरी हवीच. जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीनुसार भारतातील ७८ टक्के प्रौढांकडे खाते होते. परंतु त्यांतील सुमारे ३५ टक्के खाती वर्षभरात वापरलीच गेली नव्हती. खाते उघडणे वेगळे आणि ते उपयोगी पडणे वेगळे.

सर्वांत दुर्लक्षित अंग स्थैर्याचे. ताबुंग हाजीची कसोटी नेमकी तेथेच लागली. डिसेंबर २०१८ मध्ये मलेशियाच्या सरकारने जाहीर केले की, २०१७ च्या अखेरीस संस्थेची देणी ७४.४ अब्ज रिंगिट होती, तर मालमत्ता ७०.३ अब्जच. म्हणजे ४.१ अब्जांची तूट. संस्थेच्या १९९५ च्या कायद्यानुसार मालमत्ता देण्यांपेक्षा कमी असताना नफा वाटता येत नाही. तरीही नफा वाटला गेला होता. जुन्या व्यवस्थापनाने हा हिशेब मान्य केला नाही. भाव उतरलेल्या गुंतवणुकीची किंमत कोणती धरावी, हा वादाचा मुद्दा होता. अखेर १९.९ अब्ज रिंगिटची मालमत्ता एका वेगळ्या सरकारी कंपनीकडे सोपवून ताळेबंद सावरण्यात आला. २०१८ सालासाठी ठेवीदारांना १.२५ टक्के नफा मिळाला. ठेवींना कायद्याने सरकारची हमी आहे, म्हणून मुद्दल सुरक्षित राहिले.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की, तूट साचत होती त्या वर्षांतही वार्षिक नफा मिळत होता आणि ठेवीदारांची संख्या मोठीच होती. खोली आणि पोहोच, दोन्ही मापे उत्तम दिसत होती. जमा झालेला पैसा ही अमानत आहे. ती शाबूत आहे का, हे या दोन मापांना कळत नाही.

आणखी एक माप मलेशियाने स्वतःसाठी ठरविले. १९८३ मध्ये तेथे इस्लामी बँकिंगचा कायदा झाला आणि पहिली इस्लामी बँक सुरू झाली. एकूण बँकव्यवहारांत इस्लामी बँकिंगचा वाटा २०१० पर्यंत २० टक्के व्हावा, असे लक्ष्य २००१ मध्ये ठेवण्यात आले. आज कर्जपुरवठ्यातील हा वाटा ४० टक्क्यांच्या पुढे आहे. यश निश्चितच मोठे आहे. परंतु यातील बराच पुरवठा ‘तवर्रुक’ पद्धतीने होतो : वस्तू उधारीवर घ्यावयाची आणि लगेच रोखीने विकावयाची, जेणेकरून ग्राहकाच्या हाती पैसा येतो. संघटित स्वरूपातील हा व्यवहार जाइज नाही, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००९ मध्ये शारजा येथे दिला. मलेशियाच्या शरीअत सल्लागार परिषदेने मात्र तवर्रुकला मान्यता दिली आहे. मतभेद विद्वानांचा आहे, तो सोडविणे या लेखाचे काम नव्हे. टक्केवारीत मात्र दोन्ही बाजूंचे व्यवहार एकाच रकान्यात बसतात, हे ध्यानात असावे.

आणि कर्ज? खोलीच्या मापात कर्ज जितके अधिक तितकी प्रगती अधिक. मलेशियातील कुटुंबांवरील कर्ज अलीकडे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८० टक्क्यांहून जास्त झाले आहे. गुणोत्तरात ते जमेच्या बाजूला धरले जाते. प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचा आश्रय मागत. कारण विचारले असता कर्जदार बोलताना खोटे बोलतो आणि दिलेला शब्द मोडतो, असे त्यांनी सांगितले. कर्ज निषिद्ध नाही. सूरह अल्-बकरामधील सर्वांत दीर्घ आयत ते लिहून ठेवण्याविषयीच आहे, आणि तिच्या थोडे आधी अडचणीतील ऋणकोला सवड देण्याचा आदेश आहे. किती कर्जदारांना अशी सवड मिळाली, याचा रकाना कोणत्याही निर्देशांकात आढळत नाही.

आपल्याकडे काही गावांत बिनव्याजी पतसंस्था व बैतुलमाल चालतात. त्यांच्या वार्षिक सभेत बहुधा सभासद किती वाढले आणि ठेवी किती झाल्या, एवढेच वाचून दाखविले जाते. पुढील सभेत चार प्रश्न अवश्य विचारावेत : थकलेली कर्जे किती, ती वसूल होणार नाहीत असे गृहीत धरल्यास सर्वांच्या ठेवी परत देता येतील का, कर्ज घेणाऱ्यांत गरजू किती, आणि त्यांतील किती जणांना मुदत वाढवून दिली?